थांबूनये

वाहन चालवण्याच्या परीक्षेत वेलांटीकाका नापास झाले, ही बातमी इमारतीत त्यांच्या आधी पोचली. ते तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत दोन मजल्यांनी त्यांचं सांत्वन करून टाकलं होतं. "काका, होतं असं. पुढच्या वेळी नक्की," असं आठवीतल्या ज्या मुलीने त्यांना सांगितलं, तिला गेल्या वर्षी गणितात काठावर नापास झाल्याबद्दल काकांनी हेच वाक्य याच सुरात ऐकवलं होतं. तिने सूरही नीट लक्षात ठेवला होता.

वेलांटीकाका हे अर्थातच टोपणनाव. काका सत्तावीस वर्षांपासून सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे कागद छापून जाण्याआधी तो वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल शाईने पकडायच्या. ही शाई ते घरीही घेऊन येत. जिन्यातल्या 'पाणि जपून वापरा' या पाटीवरची वेलांटी त्यांनी एका रविवारी दीर्घ केली. लिफ्टमधलं 'दार निट लावा' सुधारताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तरी काकांनी आधी 'नी' पुरा केला आणि मगच घंटी दाबली. कोणी आभार मानले नाहीत. टोपणनाव मात्र मिळालं.

गाडी शिकायचं ठरलं ते लेकीमुळे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. विहिरी-तलावांवर जाऊन बाटल्यांत नमुने भरून आणायचे, आणि त्यासाठी स्वतः गाडी चालवता यायला हवी, ही अट. "मग मीही शिकतो," काका म्हणाले. "तू एकटी कशी शिकशील?" याला तर्क म्हणत नाहीत, पण चोपन्नाव्या वर्षी माणसाला निमित्त पुरतं.

"पुस्तक वाचलंत का?" शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

काका नुसते हसले. पुस्तक म्हणजे 'नवचालक मार्गदर्शिका', पिवळ्या वेष्टनाची, बत्तीस पानांची. परवाना हवा असलेला प्रत्येक माणूस ती वाचतो. नऊ वर्षांपूर्वी ती काकांच्याच हाताखालून छापायला गेली होती. शेवटच्या पानावर तळाशी, डोळे बारीक केले तर दिसेल इतक्या टाइपात, 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे त्यांचं नावही होतं. हस्तलिखित आणि छपाईआधीची मुद्रितं धरून त्यांनी ती अकरा वेळा वाचली होती, तोंडपाठ होती. छापून आलेली प्रत मात्र त्यांनी कधी उघडली नव्हती. स्वयंपाक्याने आपल्याच हातचं चाखून का पाहायचं, असा काहीसा तो अभिमान होता. लेकीने मात्र पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं आणि त्यातल्या नियमांचा एक तक्ता करून भिंतीला लावला.

पहिला अपघात झाला तो इथेच. आवाज न झाल्याने कोणाच्या लक्षात आला नाही, इतकंच.

शिकण्यात काकांनी काही कसर ठेवली नाही. बसल्याबरोबर पट्टा, मग आसन, मग तिन्ही आरसे. हा क्रम ते इतक्या गांभीर्याने पाळत की मास्तर तेवढ्यात चहा पिऊन येत. अंतराचा नियम तर त्यांना फार आवडला. पुढच्या गाडीने दिव्याचा खांब ओलांडला की म्हणायचं, 'एक हजार एक, एक हजार दोन'. तेवढं म्हणून होण्याआधीच आपण त्या खांबाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. काका हे मोठ्याने म्हणत. अडचण एवढीच, की त्यांनी सोडलेल्या अंतरात लगेच दुसरी गाडी येऊन बसे. मग तिच्यापासून अंतर ठेवायला काका आणखी सावकाश होत, की तिसरी घुसे.

मागे बसलेल्या लेकीने एकदा हिशेब मांडला. "बाबा, मिनिटाला चार गाड्या घुसतायत. या गतीने आपण आता मागे जायला हवं होतं."

"जाऊ," काका म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मास्तरांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. घराजवळच्या चौकातला मोठा गोल आला, की काका आत शिरत आणि गाडी आपोआप थांबे. मास्तरांचा पाय खाली गेलेला काकांना दिसे. मास्तर घाबरतात, असं त्यांनी मनातल्या मनात टिपलं आणि मोठ्या मनाने तो विषय कधी काढला नाही.

या गोलाशी काकांचं जुनं वैर होतं. पायी कामावर जाताना ते रोज बघत: लोक सरळ गोलात शिरतात आणि ऐन मध्ये गाडी उभी करतात. इकडे तिकडे बघतात, जणू काही विसरलंय, आणि मग निघतात. मागे रांग, हॉर्न, शिव्या. गेल्या काही वर्षांत हे फारच वाढलं होतं. काकांनी वर्तमानपत्राला या विषयावर तीन पत्रं लिहिली होती. तिसरं छापूनही आलं. त्याचा शेवट असा होता: 'हे लोक मार्गदर्शिका वाचतात तरी का, असा प्रश्न पडतो.' ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारचे दातांचे डॉक्टर धीर द्यायला आले. त्यांनी चार वर्षांपूर्वी परवाना काढला होता आणि तेव्हापासून गाडीला एक ओरखडा नव्हता. "एकच सांगतो," खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, कारण समोरच्याला रेलायला लावायची त्यांची सवय इथे उपयोगी नव्हती. "पुस्तकाबाहेर जायचं नाही. पुस्तकात आहे ते करायचं. बस्स."

"मला सांगताय?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई शेजारी बसल्या. त्यांच्या हातात फळी आणि फळीवर कागद. काकांनी पट्टा, आसन, आरसे केले. चढावर गाडी मागे जाऊ दिली नाही. गोलाशी वेग कमी केला, आतल्या गाडीला वाट दिली, शिरले आणि सुरेख वळसा घालून बाहेर पडले. बाईंनी कागदावर फुली मारली.

"गोलात थांबला नाहीत."

"थांबायचं नसतंच, बाई."

"असं कोण म्हणतं?"

"मार्गदर्शिका. पान एकोणीस."

बाईंनी पर्समधून पिवळं पुस्तक काढलं, पान एकोणीस उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा. मोठ्याने."

काकांनी वाचलं. "गोलात शिरण्याआधी वेग कमी करावा, आत असलेल्या वाहनांना वाट द्यावी आणि एकदा शिरल्यावर मध्येच थांबून ये."

त्यांनी परत वाचलं. 'थांबू नये' हवं होतं. 'थांबून ये' होतं. अक्षरं सगळी तीच, मात्रासुद्धा इकडची तिकडे नाही. फक्त मधली मोकळी जागा 'न'च्या अलीकडे असायची ती पलीकडे जाऊन बसली होती. अंतर दोन मिलिमीटर.

"पण... 'ये' कसं असेल?" त्यांचा आवाज बारीक झाला. "बाकी सगळीकडे 'करावे', 'लावू नये' आहे. एकदम 'ये'?"

"आम्हालाही शिकताना गंमत वाटली होती," बाई म्हणाल्या. "आमचे मास्तर म्हणायचे, सगळ्या पुस्तकात सरकार दटावतं, या एका ठिकाणी प्रेमाने बोलतंय. थांब, जरा बघ, मग ये."

"ही छपाईची चूक आहे."

"छापलेलं चूक आणि तुम्ही बरोबर? तुम्ही कोण?"

पुस्तक अजून उघडं होतं. शेवटचं पान तेरा पानं पुढे होतं. काका म्हणाले, "मी... कोणी नाही."

त्याच दुपारी लेकीची परीक्षा झाली. ती गोलात शिरली, थांबली, चारी बाजूंना पाहिलं, मग आली. उत्तीर्ण.

काका तिथून थेट छापखान्याच्या जुन्या कागदांच्या खोलीत गेले. एकच आशा होती: चूक अक्षरजुळणी करणाऱ्याची निघावी. सत्तावीस वर्षांत त्यांनी कधी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, पण त्या दिवशी शिडीवर उभं राहून, नाकातोंडात धूळ जात असताना, त्यांनी त्या बिचाऱ्याचं मनापासून चिंतलं. मुद्रित सापडलं. अक्षरजुळणी करणाऱ्याने सगळं एकत्र जोडलं होतं: 'थांबूनये'. ते तोडायला लाल शाईची उभी रेघ मारलेली होती. 'न'च्या नंतर. शेजारी समासात, काकांच्याच वळणदार अक्षरात, 'लक्ष द्या!' आणि खाली दोन रेघा.

आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक मुद्रितावर दोन चौकटी असतात: 'पहिले वाचन' आणि 'दुसरे वाचन'. एकाने वाचलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि सही करायची, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. पहिल्या चौकटीत काकांची सही होती. दुसऱ्या चौकटीत काकांनीच लिहिलं होतं, 'गरज नाही.'

नऊ वर्षं. शहरात परवाना काढलेला प्रत्येक माणूस. ज्यांना ते फुटपाथवरून अडाणी म्हणत आले, ते सगळे मार्गदर्शिका वाचत होते. अगदी शब्दशः वाचत होते.

आता कोणीही सरळ माणूस साहेबांकडे जाऊन सांगून मोकळा झाला असता. काकाही सरळच होते, पण उद्या सरळ होऊ, अशा बेताने. मात्र लेक सोमवारी रुजू होणार होती आणि रोज त्या गोलातून जाणार होती. शनिवारी सकाळी त्यांनी वर्तमानपत्राआडून विषय काढला.

"गोलात थांबायचं नाही बरं का."

"पान एकोणीस," लेक म्हणाली.

"ती छपाईची चूक आहे. 'थांबू नये' हवं."

लेकीने पुस्तक आणलं, ओळ वाचली, आणि तिचे डोळे चमकले. तिला चुका सापडल्या की आनंद व्हायचा. हा गुण कोणाकडून आला ते सांगायला नको. "बापरे! बाबा, हे केवढं मोठं आहे! कोणी केलं हे?"

"असेल कोणी तरी," काका वर्तमानपत्राला म्हणाले. "एखादा अडाणी मुद्रितशोधक."

"तुमच्याच छापखान्यातला ना?"

"छापखाना मोठा आहे."

दुपारी ती वही घेऊन चौकात जाऊन बसली. परत आली ती आकडे घेऊन. "तासाभरात दोनशे बारा गाड्या. त्यातल्या एकशे एकोणनव्वद गोलात थांबल्या. तेवीस थांबल्या नाहीत, आणि त्या चालवणारे बहुतेक सगळे पांढऱ्या केसांचे. म्हणजे जुन्या पुस्तकावर शिकलेले! बाबा, हे लगेच कळवायला हवं."

"कळवू. सावकाश."

"पण सगळे थांबत असताना मी एकटीच थांबले नाही, तर ते बरोबर होईल का?"

वेळीच विचारलेला हा प्रश्न होता. काकांनी उत्तर दिलं, "बरोबर ते बरोबर." ते वाक्य पुढे त्यांना बरेच दिवस ऐकावं लागलं.

रविवारी सकाळी दोघं लेकीसाठी घेतलेल्या जुन्या गाडीतून सरावाला निघाली. लेक चालवत होती, काका शेजारी. पुढे एक निळी, धुऊनपुसून लखलखीत गाडी गोलात शिरली. लेकीने वाट पाहिली, जागा मिळाली, शिरली. निळी गाडी मध्येच थांबली. लेक थांबली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. फडताळातून रिकामा डबा पडावा, तेवढाच. निळ्या गाडीतून दातांचे डॉक्टर उतरले. त्यांनी खाली वाकून मागच्या बंपरला दोन बोटांनी धरलं, हळूच इकडे तिकडे केलं आणि म्हणाले, "हलतोय." मग वर पाहिलं. "तुम्ही?"

तोवर वाहतूक पोलीस आला. मागे चौदा गाड्या थांबल्या आणि त्यांतले चालक खाली उतरले. सगळे डॉक्टरांच्या बाजूचे.

"मॅडम, मागून ठोकलंत. लायसन कधीचं?"

"परवाचं."

गर्दीत हशा पिकला. "पुस्तक वाचलं नाही वाटतं," कोणी तरी म्हणालं. काकांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. त्याचं कात्रण घरी होतं.

लेकीचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "अंतर मी कमी ठेवलं होतं, ती माझी चूक. पण गोलात थांबायचं नसतं. पुस्तकात चूक छापलीय." तिने पिवळं पुस्तक काढून गाडीच्या बॉनेटवर उघडलं. "'थांबू नये' हवं होतं. कोणी अडाणी मुद्रितशोधक होता, त्याने घोळ केला. माझे बाबा छापखान्यात आहेत, त्यांनी सांगितलं. हो ना, बाबा?"

सगळे काकांकडे वळले.

"कोण हा मुद्रितशोधक?" पोलिसाने वही काढली.

काकांना पळून जाणं शक्य होतं. गोल होता, कुठल्याही दिशेने जाता आलं असतं. त्यांनी बॉनेटवरचं पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवून पोलिसापुढे धरलं. पोलिसाने डोळे बारीक केले. "दिसत नाही. वाचा."

काकांनी स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं.

लेकीने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकांना त्या दिवसापासून रोज वाटत राहिलं.

"म्हणजे मी चार वर्षं..." डॉक्टर म्हणाले आणि फुटपाथच्या कडेला बसले.

मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ साहेब, ते ठरवा एकदा! थांबायचं का नाही?"

सोमवारी लेक रुजू झाली, समोरचा दिवा फुटलेली गाडी घेऊन. घरात ती काकांशी थेट बोलेनाशी झाली. "आई, बाबांना सांग मीठ इकडे द्या." "आई, बाबांना विचार वर्तमानपत्र झालं का." बायकोने दोन दिवस निरोप पोचवले, तिसऱ्या दिवशी ती काकांना म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षं माझ्या किराणाच्या यादीतल्या वेलांट्या सुधारत आलात. मी कधी विचारलं का, तुमचं कोण तपासतं म्हणून? मला वाटायचं, असेल कोणी तरी."

काका साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा काढला. "नऊ वर्षांत एकही तक्रार नाही. तक्रार नाही तर चूक कशी धरायची?"

"तक्रारी आल्यात, साहेब." काकांनी कपाटातून फाइल काढली. वर्तमानपत्राने छापखान्याकडे पुढे पाठवलेली तीन पत्रं तिथे रीतसर लावलेली होती. त्यांवर साहेबांचाच शेरा होता: 'तक्रारदार जागरूक वाटतो. पुढील कार्यवाहीची गरज नाही.'

साहेबांनी खालची सही पाहिली. मग काकांकडे पाहिलं. "तक्रारदारही तुम्हीच?"

"हो."

"आणि तक्रार कोणाविरुद्ध, हे तेव्हा माहीत होतं?"

"नाही, साहेब. तेव्हा फार बरं वाटलं होतं."

शुद्धिपत्र निघालं. परवाना कार्यालयात गेलं, सगळ्या मास्तरांकडे गेलं. गोदामातल्या तीन हजार सहाशे प्रती काकांनी स्वतःहून मागून घेतल्या आणि जेवणाच्या सुटीत एकेका प्रतीत पान एकोणीस उघडून लाल रेघ मारत बसले. पोलिसाने सुचवलेली शिक्षा वेगळीच होती. दोन शनिवार काका त्या गोलाशी पाटी घेऊन उभे राहिले: 'गोलात थांबू       नये'. मधली जागा त्यांनी पट्टीने मोजून एक वीत ठेवली होती. रिक्षावाले हात करत. डॉक्टरांची निळी गाडी आली, सवयीने थांबली, पाटी वाचून ओशाळली आणि निघाली. मागून एक पांढऱ्या केसांची बाई नेहमीसारखीच न थांबता गेली. ती जुन्या पुस्तकावर शिकलेली; तिला हे कधी वेगळं सांगावं लागलंच नव्हतं.

काकांची दुसरी परीक्षा गुरुवारी होती. सकाळी ते मास्तरांच्या गाडीत बसले, तर स्टिअरिंगला एक चिठ्ठी चिकटवलेली. लेकीचं अक्षर. एकच शब्द, सगळी अक्षरं जोडून:

थांबूनये

खाली दोन चौकटी आखलेल्या. पहिले वाचन. दुसरे वाचन. आणि मागे खोचलेली लाल पेन्सिल.

परीक्षक बाई शेजारी येऊन बसल्या. "काय करताय?"

"एक मिनिट, बाई." काकांनी चष्मा पुसला. अक्षरं बोटाने मोजली. पेन्सिल 'न'च्या अलीकडे टेकवली, उचलली, परत मोजली, आणि रेघ मारली. पहिल्या चौकटीत सही केली. दुसरीशी पेन्सिल जरा रेंगाळली. ती चौकट त्यांनी रिकामी सोडली.

मग पट्टा, आसन, आरसे. गोलाशी वेग कमी, आतल्याला वाट, आत, आणि बाहेर. बाईंनी बरोबरची खूण केली. तिथून पुढे काकांचं तोंड आपसूक चाललं होतं, 'एक हजार एक, एक हजार दोन', आणि बाईंनी ते थांबवलं नाही.

संध्याकाळी लेक आली. नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी तिने दाराशी ठेवली. काका पास झाल्याची बातमी इमारतीने तिला जिन्यातच दिलेली होती. टेबलावर चिठ्ठी होती. तिने ती उचलली, खिडकीशी नेली आणि रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. काका वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

तिने पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या चौकटीत सही केली.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. "पण तारीख घालायला विसरलात."